सोंगटी तुम्ही नाही निवडायची: क्वार्टो घरी बनवून खेळायची अख्खी पद्धत

नागपूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, दुपारी अकरा ते पाच घराबाहेर पाय टाकायची सोय नसते, पारा ४५ ला टेकलेला, कूलर घुमून राहिला आणि पोट्टे घरात कोंडलेले, अशात त्यांना मोबाईलपासून लांब ठेवायचं तर हातात तितकंच धरून ठेवणारं काहीतरी द्यावं लागतं. आमच्या घरी ते काम क्वार्टोनं केलं. तीन उन्हाळे झाले, माझी भाची सुट्टीत आली की बॅग उघडायच्या आधी फळीवरची थैली खाली काढते.

२०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला, तेव्हापासून आमच्या गल्लीत बुद्धिबळाचे पट गंज दिसू लागले, आणि फार चांगलं झालं ते. पण बुद्धिबळात आठ वर्षांचं पोरगं आणि पन्नाशीचा मामा समोरासमोर बसले की मामाला मुद्दाम हरावं लागतं, आणि पोरांना ते लगेच कळतं. क्वार्टोत तसं होत नाही, पंधरा दिवसांत पोरगी खरोखर हरवते, म्हणून हा खेळ जास्तीत जास्त घरांत पोचावा असं मला मनापासून वाटतं आणि म्हणूनच एवढं सविस्तर लिहून राहिलो.

खेळ स्वित्झर्लंडच्या ब्लेझ म्युलर नावाच्या गणितज्ञाचा, १९९१ मध्ये जिगामिक या फ्रेंच कंपनीनं बाजारात आणला. लाकडी तयार सेट ऑनलाइन मिळतो, पण घरी बनवणं अवघड नाही आणि पोरांनी स्वतः घासून रंगवलेल्या सोंगट्या ते जपतात सुद्धा.

आधी खेळ काय आहे ते

पट चार बाय चारचा, म्हणजे १६ घरं. सोंगट्याही १६. या सोंगट्या ना तुमच्या ना माझ्या, सगळ्या दोघांच्या सामाईक, बुद्धिबळासारखी काळी सेना पांढरी सेना नाही. प्रत्येक सोंगटीचे चार गुण: उंच नाहीतर बुटकी, काळी नाहीतर पांढरी, गोल नाहीतर चौकोनी, आणि डोक्यावर खड्डा नाहीतर सपाट. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, १६ झाले, म्हणजे प्रत्येक सोंगटी एकच, तिची जुळी कुठंच नाही.

जिंकायचं कसं, तर आडवी, उभी किंवा तिरपी अशी चार सोंगट्यांची ओळ पूर्ण करायची ज्यात निदान एक गुण चारही सोंगट्यांत सारखा आहे. चारही उंच, चालेल. चारही खड्ड्याच्या, चालेल, मग रंग-आकार काहीही असो. आडव्या चार, उभ्या चार, तिरप्या दोन, अशा एकूण १० ओळी.

आणि आता खरी मेख. तुम्ही पटावर जी सोंगटी ठेवणार ती तुम्ही निवडत नाही, समोरचा निवडून तुमच्या हातात देतो. तुम्ही ती कुठंही ठेवा, ती मर्जी तुमची, पण ठेवून झाली की उरलेल्यातली एक उचलून तुम्ही त्याला द्यायची. म्हणजे प्रत्येक पाळीत दोन कामं, आधी ठेवणं मग देणं, आणि नवीन माणूस सगळं डोकं ठेवण्यात घालवतो अन् देताना जी हाताला लागेल ती देऊन टाकतो. डाव तिथंच जातो. हा खेळ देण्याचा आहे, हे एकदा अंगात भिनलं की पुढचं सगळं सोपं.

सेट बनवायला काय लागतं

आमच्याकडे तान्हा पोळ्याला लहान पोरं लाकडी नंदी सजवून मिरवतात, ते नंदी बनवणाऱ्या सुतारांकडं छाटलेले तुकडे कायम पडलेले असतात. तिथं विचारा. एक गोल दांडी एक इंच जाडीची आणि एक चौकोनी पट्टी एक बाय एक इंचाची, दोन्ही ४५ सेंटीमीटर लांब पुरतात. हिशोब असा की उंच सोंगटी ६ सेंटीमीटर, बुटकी ३ सेंटीमीटर, प्रत्येक आकारात चार उंच चार बुटक्या म्हणजे ३६ सेंटीमीटर, बाकीचं करवतीच्या पात्यात जातं आणि शेवटचा तिरका तुकडा फेकावा लागतो.

कापताना उंच-बुटकीत दुपटीचा फरक ठेवाच. मी पहिल्या वेळी ५ आणि ४ असा ठेवला होता आणि पटाच्या पलीकडून पाहिलं की कोणती उंच ते कळेना, भाची दर दोन मिनिटांनी सोंगट्या शेजारी ठेवून मोजायची, शेवटी सगळ्या परत कापून आणल्या.

मग खड्डा. गोल उंच चार आहेत त्यातल्या दोनमध्ये, गोल बुटक्या चारातल्या दोनमध्ये, तसंच चौकोनीत, म्हणजे एकूण आठ सोंगट्यांना वरून ड्रिलनं एक सेंटीमीटर रुंद, एक सेंटीमीटर खोल भोक. हे मोठ्यानं करायचं, किंवा सुतारालाच सांगा, त्याला पाच मिनिटांचं काम आहे. त्यानंतर पॉलिश पेपर, आधी जाड मग बारीक, आणि हे काम पोरांना द्या. आमच्या भाचीनं एकेक सोंगटी गालाला लावून बघितली होती टोचते का, टोचली की परत घासायला बसली, अख्खी दुपार गेली तिची त्यात.

रंग फक्त आठ सोंगट्यांना. इथं गडबड होते म्हणून रंगवायच्या आधी जोड्या लावून ठेवा: दोन सोंगट्या ज्यांची उंची, आकार, खड्डा तिन्ही सारखं आहे त्या शेजारी-शेजारी, अशा आठ जोड्या होतील, प्रत्येक जोडीतली एक काळी करायची एक लाकडाच्याच रंगाची ठेवायची, तीच आपली पांढरी. काळा पोस्टर कलर आणि वरून वार्निशचा एक हात पुरतो. रंगकाम पावसाळ्यात काढू नका, वार्निश आठवडाभर चिकट राहतं आणि त्यावर बोटं उमटतात, मे महिन्यात गच्चीवर दोन तासांत खडखडीत.

पट म्हणजे प्लायचा किंवा जाड पुठ्ठ्याचा २० बाय २० सेंटीमीटरचा चौकोन, त्यावर ५ सेंटीमीटरची घरं. घरं याहून लहान करू नका, सोंगटी ठेवताना बोटं घुसली पाहिजेत, नाहीतर शेजारची पडते आणि ती कुठं होती यावरून भांडण.

लाकूड नसेल तर मळलेली माती चालते, गणपतीच्या वेळची शाडू उरलेली असेल तर उत्तमच. कागदाच्या चिठ्ठ्यांवर गुण लिहून पण खेळता येतं पण मजा अर्धी होते, कारण चार गुण डोळ्यांना एकदम दिसणं हाच या खेळाचा जीव आहे, वाचत बसलं की डोकं थकतं.

डाव कसा चालतो

टॉस करा. ज्याच्यावर टॉस आला तो पहिली सोंगटी देतो, समोरचा ती ठेवतो. पहिली कोणती द्यायची याचा विचार करू नका, पट रिकामा असताना सगळ्या सोंगट्या सारख्याच. समोरच्यानं ठेवली की तो तुम्हाला देतो, तुम्ही ठेवता, तुम्ही देता, असं आलटून पालटून. एकदा ठेवलेली सोंगटी हलत नाही. एकदा दिलेली सोंगटी परत घ्यायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून कडक ठेवा, लहान पोरं आहेत म्हणून सूट दिली की देण्याआधी विचार करायची सवय लागतच नाही.

ओळ पूर्ण झाली की ठेवणाऱ्यानं "क्वार्टो" म्हणायचं. त्याच्या लक्षातच आलं नाही आणि तो पुढची सोंगटी देऊन बसला, तर समोरचा "क्वार्टो" म्हणून ओळ दाखवू शकतो आणि जिंकतो तो. हे पोरांना लय आवडतं. १६ ही लागल्या आणि ओळ नाही झाली तर डाव बरोबरीत. कॉम्प्युटरनं पूर्ण हिशोब लावून पाहिलाय, दोघंही एकही चूक न करता खेळले तर डाव बरोबरीतच सुटतो, पण काळजी करू नका, सोंगट्या पटावर भरायच्या पद्धतीच जवळपास २१ लाख कोटी आहेत, घरी तरी कोणी बिनचूक खेळत नाही.

एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे. जो पहिली सोंगटी देतो तो पटावर दुसरी, चौथी, सहावी अशा सम नंबरच्या सोंगट्या ठेवतो, आणि १६वी पण तोच ठेवतो. समोरच्याच्या वाट्याला विषम.

पहिले दहा डाव: फक्त न देणं शिका

पहिल्या दहा डावांत जिंकायचा विचार सोडा, फक्त एकच सवय लावा. ठेवून झालं की हात मागे घ्या आणि पटावर अशा ओळी शोधा ज्यात तीन सोंगट्या लागल्यात आणि चौथं घर रिकामं आहे. प्रत्येक अशा ओळीला विचारा, तिघींत काय सारखं? समजा वरच्या ओळीत आहेत उंच काळी गोल सपाट, उंच पांढरी गोल खड्ड्याची आणि उंच काळी चौकोनी खड्ड्याची. रंग जुळत नाही, आकार जुळत नाही, खड्डा जुळत नाही, उंची जुळते. म्हणजे आता कोणतीही उंच सोंगटी दिली की समोरच्याचा क्वार्टो. आमच्या घरी अशा सोंगटीला "कडू" म्हणतात आणि जी दिली तर धोका नाही ती "गोड". इथं पाच उंच उरल्या त्या कडू, आठ बुटक्या गोड.

तिरप्या ओळी सगळ्यात जास्त सुटतात. दहापैकी दोनच आहेत पण माझ्या बघण्यात निम्मे क्वार्टो तिरपेच होतात, कारण नजर आडवी-उभी फिरते. म्हणून भाचीला मी एक क्रम लावून दिला, आधी दोन तिरप्या, मग आडव्या वरून खाली, मग उभ्या डावीकडून उजवीकडे, दर वेळी तोच क्रम. आता ती देण्याआधी सोंगटी पटावर हवेत धरते, रिकाम्या घराच्या वर बोटभर, ओठ हलत असतात, मग मान हलवून खाली ठेवते आणि दुसरी उचलते. एकदा मी विचारलं काऊन ठेवली बे ती, तर म्हणे "मामा, ही कडू आहे, तिरपी बघ ना."

आणि स्वतः ठेवताना सुद्धा एक सापळा असतो. एका ओळीत तीन उंच लागलेल्या आहेत, आणि तुम्ही दुसऱ्या ओळीत तिसरी बुटकी लावली, दोन्हीकडं चौथं घर मोकळं. आता द्यायची तुम्हालाच आहे, उंच दिली तर इथं मेलात, बुटकी दिली तर तिथं. सगळ्याच कडू. म्हणून एकाच गुणाच्या दोन्ही बाजू कधी उघड्या करायच्या नाहीत, काळी आणि पांढरी दोन्ही, गोल आणि चौकोनी दोन्ही, कधीच नाही. नवीन माणसाचे अर्धे डाव याच्यातच जातात.

उलट जोडी

हे मला स्वतःला गंज उशिरा कळलं. प्रत्येक सोंगटीची एक आणि एकच पूर्ण उलटी सोंगटी असते, चारही गुण विरुद्ध. उंच काळी गोल खड्ड्याचीची उलटी म्हणजे बुटकी पांढरी चौकोनी सपाट. अशा आठ उलट जोड्या. आणि एका ओळीत अशी जोडी लागली की ती ओळ कायमची मेली, पुढे त्यात काहीही लावा चारात सारखा गुण येऊच शकत नाही.

याचा उपयोग असा. डाव तुमच्या अंगावर येतोय, ओळी जास्त उघड्या होऊन राहिल्या आणि हिशोब लागत नाही, तर मिळालेल्या सोंगटीची उलटी पटावर कुठं आहे बघा आणि तिच्याच ओळीत लावून द्या, ओळ बंद, डोकं थंड. उलट तुम्हाला डाव पेटता ठेवायचाय तर सारख्या गुणाच्या सोंगट्या एका ओळीत ठेवा. आणखी एक, सगळी घरं सारखी नसतात: चार कोपरे आणि मधली चार, ही आठ घरं तीन-तीन ओळींत येतात, कडेची बाकीची आठ दोन-दोन ओळींत. नको असलेली सोंगटी कडेला जाऊ द्या.

मोजणी: इथून खरा खेळ

पटावर आठ-दहा सोंगट्या लागल्या की मोजायला सुरुवात करायची. त्याच्या आधी मोजून फायदा नाही, एका चालीत सगळं बदलतं.

मोजायचं काय, तर ठेवून झाल्यावर, देण्याच्या आधी, उरलेल्यांत गोड किती. नियम एका ओळीचा: तुमच्या देण्याच्या वेळी गोड विषम असाव्यात. का ते बघू. समजा १० लागल्या, १०वी तुम्ही ठेवली, आता द्यायची तुम्ही. उरल्या सहा, तीन उंच तीन बुटक्या, आणि पटावर एकच धोक्याची ओळ आहे, उंचची. म्हणजे गोड तीन. तुम्ही एक बुटकी दिली, त्यानं कुठंतरी ठेवली, त्याच्याकडं गोड दोन, त्यानं एक बुटकी तुम्हाला दिली, तुम्ही ठेवली, गोड एक, ती तुम्ही त्याला दिली. आता त्यानं ठेवली आणि त्याच्यापुढं तीन उंच पडल्यात, तिन्ही कडू, द्यावी तर लागणारच. १४वी सोंगटी तुमची आणि क्वार्टो पण तुमचा. याच जागी सुरुवातीला गोड दोन किंवा चार असत्या तर हेच सगळं तुमच्यावर उलटलं असतं.

पण समोरचा पण मोजून राहिला असतो ना, म्हणून मधे हिशोब मोडतात. मोडायचे दोन मार्ग. एक, धोक्याच्या घरातच बुटकी सोंगटी ठेवून ती ओळ मारून टाकणं, मग सगळ्या परत गोड. फक्त ते घर दुसऱ्या कोणत्या ओळीत येतं ते आधी बघा, एक दार बंद करताना दुसरं उघडतं. दुसरा, नवीन धोका उभा करून गोडातल्या एक-दोन कडू करणं. वरच्याच डावात त्याच्याकडं गोड दोन आल्या तेव्हा त्यानं हातातली सोंगटी अशी ठेवली की आता उंच तर कडू आहेतच पण खड्ड्याची पण कडू झाली, आणि उरलेल्या दोन बुटक्यांपैकी एक खड्ड्याची होती. गोड एकच उरली. ती त्यानं तुम्हाला दिली, आणि आता तुम्ही ठेवून हिशोब परत फिरवला नाही तर संपलं. असं दोन-तीनदा इकडून तिकडं फिरतं, शेवटच्या पाच-सहा सोंगट्यांत खोलीत कूलरचाच आवाज असतो फक्त.

मोजायची सवय लावायला सुरुवातीचे दिवस एक करा, उरलेल्या सोंगट्या उघडपणे दोन ढिगांत लावा, कडू इकडं गोड तिकडं, दोघांनी मिळून. डाव सोपा होतो, पण नजर तयार होते. आठवडाभरानं ढीग बंद करायचे, कारण तुम्ही सोंगट्या वेगळ्या लावल्या की समोरच्याला फुकटात उत्तर मिळतं. आणि द्यायला एक मिनिटाची मर्यादा ठेवा मोबाईलवर, नाहीतर मोठी माणसं पंधरा-पंधरा मिनिटं बसतात आणि पोरं उठून जातात.

लहानांना आणि म्हाताऱ्यांना शिकवताना

सहा-सात वर्षांच्या पोराला चारही गुण एकदम सांगू नका. पहिले दोन दिवस फक्त रंग आणि उंची धरायची, बाकीचं असूनही नसल्यासारखं. मग आकार. खड्डा सगळ्यात शेवटी, कारण तो बसल्या जागेवरून कमी दिसतो, उभं राहून बघावं लागतं.

माझ्या वडिलांना मोतीबिंदूचा त्रास होता, त्यांना काळी-पांढरी आणि उंच-बुटकी समजायची पण खड्डा नाही. त्यांनी त्यावर स्वतःच मार्ग काढला, दिलेली सोंगटी आधी अंगठ्यानं चाचपायची, आणि पटावरच्या खड्ड्याच्या सोंगट्यांत आम्ही हळदीकुंकवातलं चिमूटभर कुंकू घातलं. लाल ठिपके लांबून दिसतात. आता आमच्या सेटमध्ये ते कायमचंच आहे, आठही खड्डे आतून लाल.

चौकोनाचा नियम कधी

एक वाढीव नियम आहे, ओळीसोबतच दोन बाय दोनचा चौकोन पण क्वार्टो धरायचा. पटावर असे नऊ चौकोन बसतात, म्हणजे १० च्या जागी १९ ठिकाणी लक्ष ठेवायचं. साधा खेळ बरोबरीत सुटायला लागला, म्हणजे दोघंही मोजायला लागले, की मगच हा आणा. त्याआधी आणला तर पहिल्या सहा-सात सोंगट्यांत डाव संपतात आणि मोजणी शिकायची राहूनच जाते. चौकोनात उलट जोडी तिरपी लावून पण चौकोन मरतो, हे सुरुवातीला ध्यानात येत नाही.

थैलीत भरताना

खेळ झाला की १६ मोजूनच भरा. आणि एखादी हरवलीच, कूलरखाली नाहीतर दिवाणाखाली गेली आणि कोणती गेली तेच आठवत नाही, तर सगळ्या सोंगट्यांच्या उलट जोड्या लावा. सात जोड्या लागतील आणि एक एकटी राहील. हरवलेली म्हणजे तिची पूर्ण उलटी. मागच्या दिवाळीत आमच्याकडं उंच काळी चौकोनी सपाट एकटी राहिली, भाचीनं तिच्याकडं बघून सांगितलं, "मामा, बुटकी पांढरी गोल, खड्ड्याची. सुताराला हेच सांग, आणि लाल मी भरते."